सोमलाची बरणी

१

कोणीच बोलत नव्हते. तपासणीच्या खोलीत माणसे बसली होती, आणि प्रत्येकाने आपली नजर दुसऱ्या कुणाच्या नजरेला अडखळणार नाही अशा जागी नेऊन ठेवली होती. थोरल्या बहिणीने ती खिडकीबाहेर, धाकट्या भावाने स्वतःच्या बुटांवर आणि बायकोने भिंतीवरच्या एका खिळ्यावर, ज्याला काहीच टांगलेले नव्हते. मधल्या टेबलावर जाड काचेची एक बरणी होती. खोलीतली शांतता जणू तिच्यातच झाकण लावून भरली होती.

ज्याच्यासाठी हे सगळे जमले होते तो माणूस आपले दोन्ही हात मांडीवर उताणे टाकून बसला होता. हात कसले, दुसऱ्या कुणी सांभाळायला दिलेल्या वस्तू. तो काचेचा कारागीर होता. प्रयोगशाळांना लागणाऱ्या नळ्या, कुप्या, वळणावळणांची पात्रे तो ज्योतीवर फुंकून घडवी. काच त्याच्या बोटांना लोण्यासारखी वश आहे, असे लोक म्हणत. आता त्याच बोटांना शर्टाचे बटण वश नव्हते.

दारात उभी असलेली डॉक्टर आत आली. नसांमधून संदेश नीट धावतो की नाही, हे ती विजेचे बारीक चिमटे काढून तपासत असे. म्हणून सारे इस्पितळ तिला पाठीमागे वीजबाई म्हणे, आणि ती ते ऐकून न ऐकल्यासारखे करी.

“थोडक्यात सांगतो, डॉक्टर,” तपास अधिकारी रुमाल नाकाशी धरत म्हणाला. तो सदा सर्दी झालेला, जाडजूड आणि घाईतला माणूस होता. “ह्या बरणीत सोमल आहे. पांढरं विष. ह्यांचे वडील काच वितळवायचे, तेव्हा काचेतले बुडबुडे काढायला वापरत. वडील गेले, भट्टी गेली, बरणी कार्यशाळेच्या कपाटात राहिली. कपाटाला कुलूप नाही. आणि आता ती सापडली स्वयंपाकघरात, मिठाच्या डब्यामागे.”

“कुणाला?”

“मला,” थोरली बहीण म्हणाली. घरात तिला सगळे ताई म्हणत, आणि तिला ते पदवीसारखे शोभत असे.

“बरणीवर ठसे?”

“एकही नाही. हातमोजे घालून उचललीय. पक्कं डोकं आहे.” ‘डोकं’ म्हणताना त्याने बायकोकडे पाहिले. “केसांचा नमुना रसायनवाल्यांकडे गेलाय, त्यांचं सावकाश चालतं. मला तेवढा धीर नाही. तुम्ही फक्त एवढं सांगा, हे हात विषानं गेले का?”

वीजबाई बरणीपाशी वाकली. काचेवर वर्षानुवर्षांची तेलकट काजळी चढली होती. दोन्ही बाजूंना मात्र दोन रुंद, तिरके पट्टे पुसले गेले होते, चांगले चार बोटे रुंदीचे म्हणावेत असे. ती बराच वेळ त्या पट्ट्यांकडे पाहत राहिली.

“आता मशीन कशाला हवं?” ताईचा आवाज चढला. “हिच्या हातचं जेवला की ह्याचे हात गळतात. माझ्याकडे चार दिवस राहिला की चमचा धरतो. आणखी काय सिद्ध करायचं राहिलं?”

सगळे बायकोकडे वळले. ती रडेल, ओरडेल, निदान मान हलवेल, अशी सर्वांची अपेक्षा होती.

ती खिळ्यावरची नजर न काढता म्हणाली, “ते खरं आहे.”

२

कार्यशाळा घराच्या मागच्या अंगाला होती आणि तिची एक भिंत स्वयंपाकघराशी सामाईक होती. दिवसभर ज्योती फुरफुरत असल्याने ती भिंत एखाद्या ज्वर आलेल्या जनावराच्या पाठीसारखी तापलेली असे. कारागिराला ताईने आपल्याकडे नेले होते. बायको घरातच होती आणि दाराशी शिपाई होता.

तिचेही हात कारागिराचेच होते. नवरा नळी फुंके, ती त्या नळीवर मापाच्या रेघा आखे. काचेवर मेणाचा पातळ हात द्यायचा, मेणात सुईने रेघ ओढायची आणि मग आम्लाने ती काचेत उतरवायची. वीजबाई आत आली तेव्हा ती स्वयंपाकघरात हेच करत होती.

“तुम्ही ‘खरं आहे’ म्हणालात. का?”

“कारण खरं आहे.” तिची सुई मेणावर चालूच राहिली. “पाणी जिथं थांबतं तिथं मी रेघ ओढते, डॉक्टर. मला आवडलं म्हणून वर नाही, नावडलं म्हणून खाली नाही. इथं जेवताना ह्यांच्या हातून चमचा पडतो. ताईंकडे पडत नाही. मी बघून आलेय.”

“तुम्ही जेवणात काय घालता?”

“सरळ विचारा की. बाहेरच्या शिपायानं तर सरळच विचारलं. वर म्हणाला, बाई, चहा टाकणार असाल तर मला नको.”

वीजबाईला हसू आले आणि त्या हसण्याची लगेच लाजही वाटली. बाई मात्र हसली नाही.

“हे दुखणं सुरू झालं तेव्हा आम्ही मोठ्या इस्पितळात गेलो होतो,” ती सांगू लागली. “तिथं तुमच्यासारखीच तपासणी केली. म्हणाले, नसा ठणठणीत आहेत, दुखणं मनाचं आहे. ह्यांच्या तोंडावर म्हणाले. बातमी कशी फुटते देव जाणे. गल्लीत लोक विचारायला लागले, काय, आज हातांची सुट्टी का? एकानं तर ह्यांच्यासारखी बोटं लुळी करून दाखवली. त्या दिवसापासून हे माझ्याशी सुद्धा कमीच बोलतात.”

“आणि तुम्ही?”

“मी काय करणार? जेवायच्या आधी ह्यांचे हात गरम पाण्यात धरून बसते. बोटं मोकळी व्हावीत म्हणून. रोज, न चुकता.”

“होतात मोकळी?”

तिने पहिल्यांदाच सुई खाली ठेवली. “नाही. पण त्यांना बरं वाटतं. मलाही वाटतं.”

बाजूच्या खोलीतून ज्योतीचा फुरफुराट येत होता. वीजबाईच्या कपाळावर घाम जमला. तो पुसता पुसता तिने सहज विचारावे तसे विचारले, “त्या इस्पितळात तपासणी केली ती खोली कशी होती?”

“गारठलेली. यंत्रं तापू नयेत म्हणून तशी ठेवतात म्हणे. हे कुडकुडत होते. मी शाल पुढे केली, ती घेतली नाही.”

“तपासायच्या आधी त्यांनी ह्यांचा हात गरम करून घेतला का?”

“हात? नाही. का हो?”

वीजबाई कार्यशाळेकडच्या भिंतीला तळवा टेकवून उभी राहिली. तळवा भाजू लागला तरी तिने तो उचलला नाही.

३

धाकटा भाऊ ज्योतीसमोर काळा चष्मा लावून बसला होता. त्याच्या पायाशी बिघडलेल्या नळ्यांचा ढीग होता.

“बघा माझी कला,” तो म्हणाला. “दादाच्या हाताखाली उमर गेली, पण दादाचा हात काही आला नाही. लोक म्हणतात कार्यशाळा मला हवीय. मला? ही? मी दादा बरा व्हायची वाट बघतोय, म्हणजे मला पळून जाता येईल.”

“वहिनींवर संशय आहे तुमचा?”

“वहिनी विष घालणार असती तर मापून घातलं असतं, रेघेला रेघ लावून.” मग त्याचा चेहरा उतरला. “तसं नाही हो. तिनं आम्हाला दोघांना सांभाळलंय. पण बरणी सापडली, आता मी काय बोलू? खरं सांगू का, विष आहे म्हटल्यावर मला बरंच वाटलं. दादालाही वाटलं असणार. तोच एकदा म्हणाला होता, विष असतं तर उतरलं तरी असतं.”

“कधी म्हणाले?”

“ते मोठ्या इस्पितळातून आल्यावर. दारू पिऊन बोलावं तसं बोलत होता, आणि दारू तर तो पीत नाही.”

ताईचे घर गावाच्या चढावर होते. वीजबाई दारातून आत आली आणि तिने काढलेला कोट पुन्हा अंगात घातला. बाहेरच्यापेक्षा आत जास्त गार होते. ताई स्वतः दोन स्वेटरांवर शाल घेऊन बसली होती.

“मी उगाच खोल्या तापवत बसत नाही,” ती म्हणाली. “शरीराला सवय लावावी तशी लागते. ह्यालाही गारच वाढते. चुलीवरून उतरलेलं गरम गरम गिळायचे लाड इथं चालत नाहीत. आणि बघा, चार दिवसांत बोटं हलायला लागतात! तिचे लाड आणि माझी शिस्त, फरक दिसतो की नाही?”

“दिसतो,” वीजबाई म्हणाली, आणि ते तिने अगदी मनापासून म्हटले. “बरणी तुम्हाला कशी सापडली?”

“त्याला न्यायला गेले होते. तिथंच जेवलो. ही बाहेर शिपायासारखी उभी. ह्याला जेवण अळणी लागलं, म्हणाला, ताई, मीठ आण, डबा फळीवर मागे आहे. मी डबा ओढला तर मागे ही अवदसा! बाबांची बरणी मी ओळखणार नाही?” तिचे डोळे भरून आले. “डॉक्टर, मी तिचा राग करते, हे सगळ्यांना ठाऊक आहे. पण मी ती बरणी ठेवलेली नाही. माझ्या भावाची शपथ.”

आतल्या खोलीत कारागीर भिंतीला टेकून बसला होता. ह्या गारव्यात त्याने एक चमचा दोन बोटांत धरला होता आणि तो त्याकडे अशा नजरेने पाहत होता, की जणू चमचा आता काहीतरी बोलून जाईल.

“उद्या सकाळी माझ्या खोलीत या,” वीजबाई त्याला म्हणाली. “जेवून येऊ नका. कुणाच्याच हातचं.”

ती इस्पितळात परतली तेव्हा तपास अधिकाऱ्याचा निरोप तिची वाट पाहत होता. रसायनवाल्यांसाठी थांबण्यात अर्थ नाही, असे त्याच्या वरिष्ठांचे मत पडले होते. दुपारीच बायकोला ताब्यात घेतले गेले होते.

४

खोलीतली खिडकी उघडी होती. कारागिराचा डावा हात बर्फाच्या पाण्यात बुडवलेल्या फडक्यात गुंडाळलेला होता, आणि तपास अधिकारी शिंकत कोपऱ्यात उभा होता.

“डॉक्टर, हा इलाज आहे की शिक्षा?”

“बघा नुसतं.”

तिने फडके काढले आणि अंगठ्याच्या मुळाशी यंत्राच्या चकत्या चिकटवल्या. मनगटावर विजेचा चिमटा बसला तशी बोटे उडाली आणि पडद्यावर एक टेकडी उमटली. मग कोपराच्या आतल्या बाजूला चिमटा बसला. पुन्हा टेकडी आली, जवळपास तेवढीच.

“ठणठणीत,” अधिकारी म्हणाला.

“मोठ्या इस्पितळातही हेच म्हणाले.” तिने गरम पाण्याचे घमेले पुढे ओढले. “आता हात ह्यात. पाणी फार गरम नाही. तुमच्या घरी जेवणाआधी असतं तेवढंच.”

कारागिराने तिच्याकडे चमकून पाहिले आणि हात पाण्यात सोडला. वाफ वर येत राहिली. थोड्या वेळाने तिने हात कोरडा केला आणि पुन्हा मनगटावर चिमटा दिला. टेकडी उभी राहिली. मग तिने कोपरावर चिमटा दिला.

पडद्यावर टेकडी नव्हती. एक दमलेला उंचवटा तेवढा आला, आणि पुढे सपाट माळ.

“हे काय झालं?”

“कोपराकडून निघालेला संदेश मनगटापर्यंत येता येता वाटेत मेला. स्नायू शाबूत आहे. मनगटापासून पुढे नस शाबूत आहे. वाट मध्येच तुटते, आणि हात तापला की तुटते. इथं ह्यांनी ठरवून काही केलेलं नाही. यंत्र माणसाची इच्छा विचारत नाही.”

तेव्हा कारागीर रडू लागला. बोटे वळेनात, म्हणून तो बाहीने डोळे पुसत होता. त्याच्या तोंडून पहिले वाक्य फुटले ते हे: “म्हणजे मी ढोंग करत नव्हतो.”

वीजबाईने ते ऐकले. त्याने विष कुणी घातले हे विचारले नव्हते. बायको सुटेल का, हेही विचारले नव्हते.

“मला समजेल असं सांगा,” अधिकारी खुर्ची ओढत म्हणाला.

“लोकांना वाटतं नस म्हणजे विजेची तार. तारेतून वीज वाहते. नसेत ती उड्या मारते. तंतूवर आवरणाचे तुकडे असतात, आणि दोन तुकड्यांमध्ये एक उघडी फट. त्या फटीत इवलीशी दारं असतात. ती उघडली की संदेश नव्यानं पेटतो आणि पुढच्या फटीकडे झेप घेतो. झेपेतली वीज वाटेत गळू नये म्हणून फटीच्या दोन्ही काठांना आवरण तंतूशी घट्ट टाचलेलं असतं. ह्यांच्या शरीरात ते टाके कुणीतरी उसवतंय.”

“कुणीतरी म्हणजे?”

“ह्यांच्याच रक्तातली प्रतिपिंडं. त्यांचं काम पहारेकऱ्याचं. बाहेरचा जंतू शिरला की त्याची गचांडी धरायची. ह्यांच्या पहारेकऱ्यांनी घरच्याच टाक्यांना चोर ठरवलंय. टाके सुटले की वीज काठानं गळते आणि संदेश पुढच्या फटीशी पोचतो तो अर्धमेला. धडधाकट नसेकडे शिलकीचं बळ असतं, हिच्याकडे नाही. गारव्यात ती दारं जरा जास्त वेळ उघडी राहतात, तेवढ्या उसंतीत लंगडा संदेशही पेटतो. उष्णतेत दारं लवकर मिटतात. तो पोचतो तेव्हा घर बंद.”

अधिकारी विचारात पडला. “म्हणजे ताईंचं गारठलेलं घर…”

“आणि ह्यांच्या घरची तापलेली भिंत. आणि रोजचा शेक. चमचा कुणाच्या हातच्या जेवणानं पडत नव्हता, हाताच्या उष्णतेनं पडत होता. सोमलानंही नसा जातात, पण सोमल असा घमेल्यागणिक येत-जात नाही.”

“कुंपणानंच शेत खाल्लं म्हणायचं.” त्याने नाक पुसले. “केसांचा अहवाल तसाच आला, तर मी बाईंना स्वतः सोडून येईन. पण डॉक्टर, तुमच्या प्रतिपिंडांना पाय नसतात ना?”

“नाही.”

“मग ती बरणी स्वयंपाकघरात कशी गेली?”

कारागिराचे रडणे एकाएकी थांबले होते.

५

अहवाल आले. केसांत सोमलाचा अंशही नव्हता. रक्तात मात्र ती प्रतिपिंडे सापडली, नेमकी त्या टाक्यांवर उठलेली. कारागिराला इस्पितळात ठेवले गेले. त्याच्या रक्तातला द्रव थोडा थोडा बाहेर काढून त्याजागी स्वच्छ द्रव भरण्याचे उपचार सुरू झाले, आणि पहारेकऱ्यांची नवी भरती थांबावी म्हणून औषधेही. बायकोच्या सुटकेचा हुकूम निघाला.

तपास अधिकारी बरणी घेऊन वीजबाईकडे आला. तो आता घाईत नव्हता. चुकलेला माणूस घाईत नसतो.

“खून नाही, विष नाही. पण पुरावा पेरलाय कुणीतरी. एका निरपराध बाईला कोठडीत झोपवलंय. मला तर ताईच वाटते. भावजयीचा राग, बरणी तिलाच सापडली, घरात तीच गेली होती.”

“शपथ खाल्ली तिनं.”

“शपथा काय, सगळेच खातात. नाहीतर मग धाकटा. म्हणतो पळून जायचंय. असं म्हणणारेच घरं बळकावतात.”

“ती बरणी उचला पाहू.”

त्याने उचलली, सगळे जण उचलतात तशी. बोटे पसरून, मानेपाशी धरून.

“आता असं समजा, की तुमची बोटं वळत नाहीत. मनगटाच्या पुढे तुमचं काही ऐकतच नाही. पण खांदे चालतात, कोपर चालतात. आता उचला.”

अधिकारी बरणीकडे पाहत राहिला. मग त्याने मुठी सैल सोडल्या, दोन्ही बाजूंनी आपली बाही घातलेली मनगटे बरणीला लावली आणि ती दोन कोपरांच्या कवेत, तान्हे मूल उचलावे तशी छातीशी उचलली. त्याने ती खाली ठेवली तेव्हा बाह्यांवर काजळी होती. काचेवर जुन्या पट्ट्यांशेजारी, त्याच रुंदीचे आणि त्याच तिरकस चालीचे, दोन नवे पट्टे पुसले गेले होते.

बराच वेळ त्याला शिंकही आली नाही.

“हातमोजे नव्हते,” तो शेवटी म्हणाला.

“बोटंच नव्हती. मीठही त्यानंच मागितलं. डबा मागे आहे, हेही त्यानंच सांगितलं. आणि भावाला म्हणाला होता, विष असतं तर उतरलं तरी असतं.”

“पण का? बायकोवर संशय होता?”

“ते त्यालाच विचारावं लागेल.” वीजबाईने खिडकीकडे पाठ केली. तिला हा क्षण आवडत नसे. रोग सापडला की लोक आभार मानतात. माणूस सापडला की कुणी मानत नाही. “मला एवढंच माहीत आहे, की मोठ्या इस्पितळानं त्याला खोटारडा ठरवून घरी पाठवलं होतं. खोटारड्याच्या दुखण्याला औषध नसतं. विष घातलेल्या माणसाला निदान कुणी हसत नाही.”

“मी त्याला आत्ताच्या आत्ता…”

“थांबा. आधी तिला कळू दे. तुमच्याकडून नाही, माझ्याकडूनही नाही.”

अधिकाऱ्याने बाही झटकली. काजळी अधिकच पसरली. “आणि त्यानं सांगितलंच नाही तर?”

६

बायको सुटून थेट इस्पितळात आली. तिच्या अंगावर ताब्यात घेतले त्या दिवशीचेच कपडे होते आणि नखांत मेण होते. वीजबाईने तिला वॉर्डाच्या बाहेर बाकावर बसवून फटी, टाके, दारे सारे समजावले. ती रेघ ओढताना ऐकावे तशी ऐकत होती.

“म्हणजे शेकानं वाढत होतं,” ती म्हणाली.

“तेवढ्यापुरतं. शेकानं रोग झाला नाही. हात निवले की पुन्हा होते तसे.”

“पण चमचा माझ्यामुळंच पडत होता.”

“तुम्हाला ठाऊक नव्हतं.”

“नव्हतं.” ती स्वतःच्या तळव्यांकडे पाहत राहिली. “कोठडीत मी हाच विचार करत होते. म्हटलं, मी काहीतरी करतेय खरं, मलाच कळत नाहीये काय ते.” मग तिने मान वर केली. “बरणी कुणी ठेवली, डॉक्टर?”

वीजबाईने इतक्या वर्षांत पुष्कळ वाईट बातम्या दिल्या होत्या. त्या देण्याची तिची एक रीत होती. आधी खुर्ची, मग पाणी, मग सरळ वाक्य. ह्या वेळी तिला वाक्य सापडले नाही. “आत या,” ती म्हणाली.

कारागीर पलंगावर उशीला टेकून बसला होता. बायकोने कोट काढून खुर्चीच्या पाठीवर टाकला. तिला पाहून त्याचा चेहरा उजळला. त्याने डाव्या हाताने शर्टाचे वरचे बटण धरले, चाचपडला, निसटले, पुन्हा धरले आणि लावले. मग विजयी मुद्रेने तिच्याकडे पाहिले.

“बघितलंस? उद्या दुसरं.”

“बघितलं,” ती म्हणाली, आणि तिच्या आवाजात पहिल्यांदाच काही सैल झाले. “चांगलं झालं.”

वीजबाई पलंगाच्या पायथ्याशी उभी होती. “ह्या मला विचारत होत्या, बरणी कुणी ठेवली. म्हटलं, तुम्हीच सांगाल.”

त्याने डॉक्टरांकडे पाहिले. दाराशी उभ्या अधिकाऱ्याच्या काजळलेल्या बाहीकडे पाहिले. लावलेले बटण त्याच्या बोटांतून सुटले नव्हते, ते तो तसेच धरून बसला.

“मला वाटलं होतं, दोन-तीन दिवसांचा प्रश्न आहे,” तो म्हणाला.

बायको हलली नाही.

“तूही बघितलं होतंस ना त्या डॉक्टरचं तोंड? माझ्याकडे बघतही नव्हता, कागदाकडे बघत होता. नसा उत्तम! अगं, माझ्या हातून काच पडते, आणि हा म्हणतो नसा उत्तम! मग गल्लीतले ते… माझ्यासमोर बोटं लुळी करून दाखवायचे. मला कुणीतरी खरं मानायला हवं होतं. विष सापडलं की तपास होतो, मोठे डॉक्टर बघतात, रक्त तपासतात. आणि बघ, तसंच झालं की नाही? झालं की नाही, डॉक्टर? नाहीतर मी तिकडेच कुजलो असतो.”

“माझ्या स्वयंपाकघरात,” बायको म्हणाली.

“कुठंतरी ठेवायलाच हवी होती.”

“ताईंकडे नाही. भाऊजींच्या खोलीत नाही.”

“ताई ओरडली असती, गाव गोळा केलं असतं. धाकटा पळाला असता. तू…” तो अडखळला. “तू सांभाळून घेशील, असं वाटलं. तूच घेतेस नेहमी.”

“तुम्हाला वाटत होतं का, मी विष घातलं?”

“नाही! शपथेवर सांगतो, एक क्षणही नाही.” तो पुढे झुकला. जणू हेच वाक्य त्याला वाचवणार होते, आणि ते उच्चारताना त्याचे डोळे खरोखर स्वच्छ होते. “तू असं करणार नाहीस, हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक आहे?”

वीजबाईने मान खाली घातली. संशय असता, तर तो क्षमेच्या हद्दीत बसला असता. भ्यालेला माणूस शेजारच्या सावलीलाही चोर समजतो. पण ह्याला ठाऊक होते. तिला ताब्यात घेतले त्या दुपारी ठाऊक होते, घमेल्यातून हात बाहेर निघाला तेव्हा ठाऊक होते, आणि तेव्हा त्याच्या तोंडून जे पहिले वाक्य आले ते स्वतःबद्दल होते.

“मी सांगणारच होतो,” तो म्हणाला. “अहवाल आले की लगेच. मग म्हटलं आता तू सुटणारच आहेस, तर कशाला… आधी जरा हात बरे होऊ देत. आता होतायत. दिसलं ना तुला? कार्यशाळा पुन्हा चालू करू. भिंतीला काहीतरी लावून घेऊ, गार राहील. डॉक्टर म्हणतात, सांभाळलं तर पुष्कळ सुधारणा होते. पण एकट्यानं नाही जमायचं हे, तुला कळतंय ना?”

बाहेर कुठेतरी ट्रॉलीची चाके करकरत गेली. अधिकाऱ्याने घसा साफ केला. त्याच्याजवळ ह्या गुन्ह्यासाठी कलम होते, शब्द नव्हता.

कारागिराने आपला हात पुढे केला. अजून थरथरणारा, पण आता नक्कीच हात असलेला. बोटे तिच्या दिशेने हळूहळू उघडली.

“घरी येशील ना?” त्याने विचारले.

तिने त्या हाताकडे पाहिले. रेघ कुठे ओढायची ते ठरवण्याआधी पाणी पूर्ण निवळायची वाट पाहावी, तसे बराच वेळ पाहिले. मग तिने खुर्चीच्या पाठीवरचा आपला कोट उचलला, अंगात घातला, बटणे एकेक करून खालपासून वरपर्यंत लावली, आणि वीजबाईच्या बाजूने, अधिकाऱ्याच्या बाजूने, दारातून बाहेर निघून गेली.